नाव आधी पुसलं, मग आवाज

ऑझी ऑस्बर्नची 'डायरी ऑफ अ मॅडमन' ही रेकॉर्ड 1981 च्या नोव्हेंबरात दुकानांत आली. श्रेयनामावलीत बेस गिटारपुढे नाव होतं रुडी सार्झोचं, ड्रम्सपुढे टॉमी ऑल्ड्रिजचं. दोघेही कसलेले वादक, पण त्या रेकॉर्डवर दोघांपैकी कुणीच वाजवलं नव्हतं. बेस बॉब डेझलीचा होता आणि ड्रम्स ली कर्सलेकचे. सार्झोनं ही गोष्ट पुढे कधी लपवली नाही. तरी कव्हरावर छापलं गेलं ते छापलं गेलं, आणि घरोघरी तेच वाचलं गेलं.

ज्याचं नाव गाळलं त्यानं बेस तर वाजवला होताच, शिवाय गाण्यांचे बहुतेक शब्दही त्याचेच होते. हा माणूस इंग्रजही नव्हता आणि अमेरिकनही नव्हता.

बॉब डेझलीचा जन्म सिडनीचा, 13 फेब्रुवारी 1950 चा. त्या पिढीच्या ऑस्ट्रेलियन पोरांना संगीतात काही करून दाखवायचं तर लंडन गाठायचं, हे कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. देश खंडाएवढा, पण वस्ती तेव्हा जेमतेम सव्वा कोटीची. सिडनी-मेलबर्नचे पब आणि हॉल फिरून झाले की बाजार संपायचा. ईझीबीट्स 1966 मध्ये इंग्लंडला गेले, पाठोपाठ 1967 च्या सुरुवातीला बी जीज पोचले. हॉडलीज नावाची चॉकलेट कंपनी त्या काळात बँडांची देशव्यापी स्पर्धा भरवत असे. तिच्या पहिल्या बक्षिसात लंडनपर्यंतचा जहाजप्रवास असायचा. म्हणजे देशात सर्वांत चांगलं वाजवा आणि देश सोडून जाण्याचं तिकीट मिळवा! 1971 साली ही स्पर्धा फ्रॅटर्निटी या बँडनं जिंकली. त्यांचा गायक होता बॉन स्कॉट. फ्रॅटर्निटीची इंग्लंडमध्ये डाळ शिजली नाही, बँड मोडला, स्कॉट परत गेला आणि 1974 मध्ये एसी/डीसीत शिरला. तो या हकिकतीत पुन्हा एकदा येईल, पण तोवर हयात नसेल.

त्याच 1971 मध्ये डेझलीच्या काव्हस जूट या सिडनीच्या बँडची 'वाइड ओपन' ही रेकॉर्ड निघाली. आज जुन्या रेकॉर्डी जमवणारे तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात, त्या वेळी मात्र तिनं कुणाचं घर चालण्याची शक्यता नव्हती. डेझलीनं त्याच वर्षी लंडन गाठलं. वय एकवीस.

लंडननं त्याला उपाशी ठेवलं नाही, पण कुठे बूडही टेकू दिलं नाही. आधी स्टॅन वेबच्या चिकन शॅक या ब्लूज बँडमध्ये काम मिळालं, 'अनलकी बॉय' (1973) ही त्यांची रेकॉर्ड झाली. मग 'इन द समरटाइम'वाल्या मंगो जेरीबरोबर गंमतीदार, पाय ठेका धरतील अशी गाणी, आणि पुन्हा वेबकडे. ब्लूजवाला माणूस पॉपच्या बँडात गेला म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मला उलट वाटतं, त्याची पुढची वीस वर्षं या धरसोडीनंच घडवली. तीन मिनिटांच्या गाण्यात एकही सूर वाया घालवायचा नसतो हे मंगो जेरीत कळतं, आणि गिटारवाला पंधरा मिनिटं भरकटला तरी त्याला जमिनीवर कसं उतरवायचं हे ब्लूजच्या बँडात.

1976 मध्ये तो विडोमेकर या बँडमध्ये आला. दोन रेकॉर्डी निघाल्या आणि बँड संपला. पण त्या रेकॉर्डी ज्या कंपनीनं काढल्या, ती जेट रेकॉर्ड्स डेझलीला पुढे जन्मभर पुरली. कंपनी डॉन आर्डनची, आणि आर्डन हा इंग्लंडच्या संगीतव्यवसायातला असा मालक, की त्याच्याशी हिशेबावरून वाद घालायला लोक कचरायचे. ऑझीचा कारभार पुढे सांभाळणारी आणि त्याची बायको झालेली शॅरन ही त्याचीच मुलगी.

मध्ये रेनबोचा मुक्काम झाला. डीप पर्पल सोडून रिची ब्लॅकमोरनं काढलेल्या या बँडात माणसं कपड्यांसारखी बदलली जात. डेझली 1977 मध्ये रुजू झाला, युरोप, जपान आणि अमेरिकेचे दौरे त्यानं केले. 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल' (1978) या रेकॉर्डवर त्याचा बेस तीनच गाण्यांत आहे, बाकीच्यांत तो ब्लॅकमोरनं स्वतःच वाजवला होता. बँड मालकाचा असतो आणि वादक पगारी असतो, हा धडा इथे उघडउघड मिळाला. रेनबोत निदान कुणी तो लपवत तरी नव्हतं. वर्षभरात ब्लॅकमोरनं त्यालाही नारळ दिला.

आता 1979. एप्रिलमध्ये ब्लॅक सॅबथनं आपल्या गायकाला, ऑझीला, बाहेर काढलं होतं. दारू आणि ड्रग्जमुळे त्याचा उपयोग उरला नाही असं साथीदारांचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. सॅबथचा कारभार तेव्हा जेटकडेच होता, त्यामुळे काढलेला गायकही जेटनंच सांभाळला. लंडनच्या कॅम्डन भागातल्या म्युझिक मशीन या क्लबात जेटच्याच एका नव्या बँडचा कार्यक्रम होता, तिथे ऑझी आणि डेझलीची गाठ पडली. पुढचं डेझलीनं सांगितलेलं असं: ऑझीनं त्याला स्टॅफर्डजवळच्या आपल्या घरी बोलावलं. तिथे दोन-तीन स्थानिक वादक सामान लावून बसलेले. थोडं वाजवून झाल्यावर दोघं बाजूला गेले. डेझली म्हणाला, ही मंडळी बरी आहेत, पण जगाला दाखवण्याजोगी नाहीत. ऑझी तडक आत गेला, जमत नाहीये, गाशा गुंडाळा, असं त्यांना सांगून मोकळा झाला. मग ऑझीनं लॉस एंजेलिसमध्ये ऐकलेल्या एका पोराचा विषय काढला. तो पोरगा रँडी ऱ्होड्स, वय बावीस, घरच्या संगीतशाळेत गिटार शिकवणारा.

ऱ्होड्स इंग्लंडला आला. ड्रमवादक मात्र सापडता सापडेना. अनेकांना वाजवायला बसवून पाहिल्यावर रेकॉर्डिंग तोंडावर आलं असताना ली कर्सलेक मिळाला, युराया हीपमधून नुकताच बाहेर पडलेला. अशी चौकट पूर्ण झाली: एक काढून टाकलेला गायक, एक काढून टाकलेला बेसवादक, रुसून बाहेर आलेला ड्रमर आणि इंग्लंडात कुणी नावही न ऐकलेला गिटारवाला.

1980 च्या मार्च-एप्रिलमध्ये सरे परगण्यातल्या रिज फार्ममध्ये पहिल्या रेकॉर्डचं काम झालं. हा जुन्या शेतघराचा केलेला स्टुडिओ, राहणं-खाणं तिथेच. आधी नेमलेला निर्माता काही दिवसांत गेला आणि स्टुडिओचा स्वतःचा इंजिनियर मॅक्स नॉर्मन यानं सूत्रं हाती घेतली. निर्माते म्हणून नावं लागली ती चौघा वादकांचीच.

कामाची पद्धत साधी होती. ऱ्होड्स गिटारवर एखादी धून धरायचा, डेझली तिच्यावर पुढचे तुकडे जोडायचा, ऑझी अर्थ नसलेले शब्द गुणगुणत चाल बसवायचा. मग डेझली वही घेऊन बसायचा आणि त्या चालीत खरे शब्द घालायचा. 'क्रेझी ट्रेन'चं नाव कसं पडलं हेही त्यानंच सांगितलं आहे. ऱ्होड्सच्या अँप्लिफायरमधून झकझक-झकझक असा काही चमत्कारिक आवाज येत होता. ऱ्होड्स आणि डेझली दोघंही खेळण्यातल्या आगगाड्यांचे शौकीन, म्हातारपणी करायचे छंद या पोरांना आधीच जडलेले. हा आवाज वेड्या आगगाडीसारखा येतोय, असं डेझली म्हणाला, आणि गाण्याला नाव मिळालं. शब्द मात्र त्यानं शीतयुद्धावर लिहिले, अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेल्या पिढीच्या वैतागावर. आज अमेरिकेतल्या फुटबॉलच्या मैदानांवर हे गाणं प्रेक्षकांना चेव आणायला वाजवतात. त्यातला वैताग किती जणांच्या कानावर पडत असेल, कोण जाणे.

बेस म्हणजे नेमकं काय करतो हे इथे सांगायला हवं, कारण ज्यांना तो वेगळा ऐकू येत नाही त्यांना पुढची भांडणं किरकोळ वाटतील. बेस गिटारला चार जाड तारा, सूर साध्या गिटारच्या खालच्या सप्तकातले. ज्या बँडात एकच गिटार असते तिथे गिटारवाला एकल वादनाला निघाला की खाली उरतात फक्त ड्रम्स आणि बेस. राग कोणता, षड्ज कुठे, हे त्या वेळी श्रोत्याला बेसच सांगतो. ढिसाळ बेसवादक तेव्हा एकच सूर दामटत राहतो. डेझली खाली स्वतःची वेगळी चाल गात असतो. 'गुडबाय टू रोमान्स' हे संथ गाणं हेडफोन लावून ऐका. ऑझीच्या आवाजाकडे जरा दुर्लक्ष केलं, तर खाली दुसरा एक गायक हुंकारत, वळणं घेत चाललेला ऐकू येतो. ऱ्होड्सच्या अचाट गिटारवर आजवर ढीगभर लिहिलं गेलं आहे, ते वाजवीच आहे. पण ती गिटार इतकी मोकळी उडू शकते, कारण खाली कुणीतरी भक्कम उभं आहे.

याच रेकॉर्डवर 'सुइसाइड सोल्यूशन' आहे. दारूच्या बाटलीत माणूस स्वतःला कसा हळूहळू संपवतो, हा विषय. रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी, 19 फेब्रुवारी 1980 ला, बॉन स्कॉट लंडनमध्ये दारूच्या अतिसेवनानं मेला होता. दुसऱ्या खेपेला लंडन जिंकून दाखवलेला तोच स्कॉट. हे गाणं स्कॉटवर आहे, असं ऑझी सांगत आला. डेझलीचं म्हणणं वेगळं: शब्द मी लिहिले, आणि लिहिताना डोळ्यांपुढे ऑझीच होता. पुढे 1984 मध्ये कॅलिफोर्नियात एका मुलानं आत्महत्या केली, त्याच्या पालकांनी ऑझी आणि सीबीएस रेकॉर्ड्सवर खटला भरला, त्यात या गाण्यावर बोट ठेवलं गेलं. न्यायालयानं दावा फेटाळला आणि वरच्या न्यायालयानं 1988 मध्ये तो निकाल कायम केला. वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून सगळा गदारोळ ऑझीभोवती झाला. गाणं दारूच्या विरोधात आहे हे ज्याच्या वहीत लिहिलेलं होतं, तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

रेकॉर्ड 1980 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये निघाली आणि पहिली कुरबूर तिच्या कव्हरावरूनच सुरू झाली. डेझली आणि कर्सलेक यांच्या समजुतीप्रमाणे 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हे बँडचं नाव होतं. कव्हरावर ऑझी ऑस्बर्न ही अक्षरं मोठी आली आणि बँडचं नाव त्याखाली लहान, रेकॉर्डचं शीर्षक असावं तसं. चौघांच्या बँडचा असा एकट्याचा बँड झाला. बाकीचे तिघे रातोरात साथीदार ठरले.

तरी 1981 च्या सुरुवातीला हीच मंडळी पुन्हा रिज फार्ममध्ये बसली आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' पूर्ण केली. मग अमेरिकेचा दौरा लागायच्या आत डेझली आणि कर्सलेकला काढून टाकलं. कारणं प्रत्येक बाजू वेगळी सांगते. डेझलीच्या मते शॅरनला ड्रम्सवर ऑल्ड्रिज हवा होता आणि आपण कर्सलेकला सोडायला तयार नव्हतो. जागा भरायला सार्झो आणि ऑल्ड्रिज आले, आणि रेकॉर्ड छापताना वाजवणाऱ्यांच्या जागी दौऱ्यावर जाणाऱ्यांची नावं घातली गेली. कीबोर्डचीही तीच गत. श्रेय डॉन एअरीला मिळालं, वाजवला होता डेझलीच्या मंगो जेरीतल्या जुन्या सोबत्यानं, जॉनी कुकनं. एका रेकॉर्डवर तीन चुकीची नावं, ही छपाईची चूक म्हणून खपवायला माणूस फारच भोळा हवा.

19 मार्च 1982 ला फ्लोरिडात लीसबर्गजवळ छोटं विमान कोसळून ऱ्होड्स गेला. वय पंचवीस. हकालपट्टी झालेले दोघे तोवर युराया हीपमध्ये एकत्र आले होते आणि 'अबॉमिनॉग' या रेकॉर्डनं त्या थकलेल्या बँडमध्ये पुन्हा जीव आणला होता.

यानंतरचं वागणं मात्र बुचकळ्यात टाकणारं आहे. ज्या दारातून धक्के मारून काढलं, त्याच दारात डेझली पुन्हा पुन्हा गेला. 'बार्क अॅट द मून' (1983) त्यानं वाजवली, तिचे शब्द लिहिले, आणि श्रेयात सगळी गाणी एकट्या ऑझीची म्हणून छापली गेली. या वेळी त्यानं रोख रक्कम घेऊन हक्क सोडला होता. 'द अल्टिमेट सिन'चे (1986) शब्द लिहिले आणि पुन्हा खटका उडाला. मग 'नो रेस्ट फॉर द विकेड' (1988), 'नो मोअर टिअर्स' (1991). त्याला स्वाभिमान नव्हता असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. स्टुडिओत बसणाऱ्या वादकाला महिन्याचं भाडं असतंच, आणि ऑझीलाही दुसरीकडून तसे शब्द मिळत नव्हते. गरज दोन्हीकडची होती, मात्र कागद एकाच्याच हातात होता.

दरम्यान त्याची खरी घरोब्याची जागा दुसरीकडेच होती. आयरिश गिटारवादक गॅरी मूरबरोबर 'व्हिक्टिम्स ऑफ द फ्यूचर'पासून 'स्टिल गॉट द ब्लूज'पर्यंत (1990) तो येत-जात राहिला, आणि तिथे त्याच्या नावाची चोरी झाली नाही. ब्लॅक सॅबथच्या 'द इटर्नल आयडॉल'वरही (1987) बेस आणि शब्द त्याचेच. सॅबथनं कायमचं बोलावलं तेव्हा त्यानं नकार दिला.

कोर्टाची पायरी त्यानं आणि कर्सलेकनं 1986 मध्ये चढली. जेट रेकॉर्ड्सविरुद्ध गीत-संगीताचं श्रेय आणि त्यावरची रॉयल्टी मागितली, ती पदरात पडली. पण गाणं रचल्याचा हक्क वेगळा आणि ते वाजवल्याचा हक्क वेगळा. दुसऱ्या हक्कासाठी त्यांनी 1998 मध्ये अमेरिकेत ऑस्बर्न दांपत्याविरुद्ध दावा लावला. त्या दाव्याचं उत्तर कोर्टाबाहेरच मिळालं. 2002 मध्ये 'ब्लिझर्ड' आणि 'डायरी' नव्यानं बाजारात आल्या. ऱ्होड्सची गिटार तीच, ऑझीचा गळा तोच. बेस आणि ड्रम्स मात्र खरवडून काढलेले, आणि त्यांच्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांनी नव्यानं वाजवलेले.

1981 मध्ये नाव पुसलं होतं, या वेळी आवाजच पुसला. संगीताच्या इतिहासात वाद पुष्कळ झाले, पण मालकाशी भांडण झालं म्हणून बावीस वर्षं लोकांच्या कानात असलेली रेकॉर्ड बदलून ठेवणं, याला मी तरी सूड याहून सौम्य शब्द वापरणार नाही. ट्रुहियो वाईट वाजवतो असं नाही, त्याचं नाणं खणखणीत आहे. पण डेझलीनं ते सूर ऱ्होड्सच्या समोर बसून, त्याच्या बोटांकडे बघत बसवले होते. मेलेल्या माणसाच्या गिटारखाली दोन दशकांनी कितीही अचूक बेस भरला, तरी वरचा माणूस त्याला दाद देत नाही. चाहत्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. जाता जाता एक: 2003 मध्ये ट्रुहियो मेटॅलिकात गेला आणि ऑझीकडे त्याच्या जागी आला जेसन न्यूस्टेड. मेटॅलिकाच्या 1988 च्या रेकॉर्डवर ज्याचा बेस मिसळताना इतका खाली दाबला, की तो शोधावा लागतो, तोच हा न्यूस्टेड.

2003 पर्यंत अमेरिकी न्यायालयांनी वादनाच्या रॉयल्टीचा दावा अखेरचा फेटाळला. डेझली आणि कर्सलेकनं मग हाताशी असलेलं उत्तर दिलं. डीप पर्पलचा गिटारवादक स्टीव्ह मोर्स, कीबोर्डवर डॉन एअरी आणि गायक जिमी बार्न्स यांना घेऊन लिव्हिंग लाउड हा बँड काढला. बार्न्स हा जन्मानं ग्लासगोचा, लहानपणी आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेलेला, म्हणजे डेझलीच्या उलट दिशेचा प्रवासी. त्यांच्या रेकॉर्डवर 'क्रेझी ट्रेन', 'मिस्टर क्रॉली', 'ओव्हर द माउंटन' ही गाणी त्यांनी पुन्हा वाजवली, या वेळी आपल्या नावानं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. डेझली तोवर सिडनीकडे परतला होता. वर्षानुवर्षं लिहिलेल्या रोजनिशा त्यानं जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या आधारे 2013 मध्ये 'फॉर फॅक्ट्स सेक' हे आत्मचरित्र काढलं. अधूनमधून पुस्तक कैफियतीच्या वळणावर जातं, पण तारखा असलेला साक्षीदार संगीतात दुर्मीळ असतो.

2011 मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्तानं दोन्ही रेकॉर्डी पुन्हा निघाल्या आणि मूळ बेस-ड्रम्स मुकाट्यानं जागेवर आले. प्रोस्टेटच्या कर्करोगानं खंगलेल्या कर्सलेकनं शेवटची इच्छा म्हणून त्या दोन रेकॉर्डींच्या प्लॅटिनम तबकड्या ऑझीकडे मागितल्या, आणि ऑझीनं 2019 च्या सुरुवातीला त्या पत्रासह पाठवल्या. कर्सलेक 19 सप्टेंबर 2020 ला गेला, ऑझी 22 जुलै 2025 ला.

तेव्हा जुन्या सीडींच्या ढिगात कधी 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हाती लागली, तर आधी उलटी करून मागचं साल वाचा. 2002 असेल तर ती तिथेच ठेवा. 1995 ची किंवा 2011 ची घ्या, घरी येऊन 'गुडबाय टू रोमान्स' लावा आणि एकदा तरी फक्त बेस ऐका.